शेतातलं घरात देऊ नका, मालक!

अक्कलकोट शहर व तालुक्यातील कृषी सेवा केंद्रं, किराणा दुकानं आणि जनरल स्टोअर्सच्या सर्व मालकांस,



हे पत्र खुलं लिहिते आहे, कारण तक्रार कुणा एका दुकानाची नाही. तशी असती तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज टाकून मोकळी झाले असते. मला बोलायचं आहे ते एका रिवाजाबद्दल, आणि तो अक्कलकोटच्या पेठेपासून मैंदर्गी-दुधनीपर्यंत सारखाच आहे. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "मालक, ढेकणांनी जीव खाल्लाय, काहीतरी जालीम द्या." तुम्ही मागच्या फळीवरून एक बाटली काढता, "एक झाकण टाका बादलीभर पाण्यात" एवढं सांगता, पैसे गल्ल्यात टाकता आणि पुढच्या माणसाकडे वळता. ती बाटली तुरीवरच्या अळीसाठी बनलेली असते. आता ती लेकराच्या गादीवर जाणार असते.

आमच्या घरात आणि परसात कोणतं विष यायचं, किती यायचं, हे सरकार ठरवत नाही, डॉक्टर ठरवत नाही, घरातली बाईही ठरवत नाही. ते तुमच्या काउंटरवर, त्या अर्ध्या मिनिटात ठरतं. म्हणून मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

तुमची बाजू मला ठाऊक नाही असं नाही. शेतकऱ्याची उधारी सुगीपर्यंत अडकते, कंपनीचा माणूस टार्गेट घेऊन बसलेला असतो, आणि गिऱ्हाईकच "कडक" माल मागतं. सौम्य काही दिलं तर ते समोरच्या दुकानात जातं. हे सगळं खरं. पण तुम्ही अडाणी नाही, हेही खरं आहे. कीटकनाशक विकणाऱ्याला शेतीचं किंवा रसायनशास्त्राचं शिक्षण हवं असा नियम २०१५ साली आला. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी दुकान सांभाळून हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेची वर्षभराची पदविका केली असेल. त्रिकोणाचे रंग, लेबल क्लेम, प्रतीक्षा काळ हे तुम्हाला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. माझं गाऱ्हाणं एवढंच, की ते ज्ञान प्रमाणपत्राच्या फ्रेममध्ये राहतं, काउंटरवर येत नाही. आता एकेक मुद्दा मांडते.

पहिला मुद्दा शेताच्या बाटलीचा. शेतात ऊन असतं, वारा असतो, पाऊस असतो. फवारलेलं द्रव्य तिथे उतरत जातं. घरात यातलं काहीच नसतं. खोली बंद, वर गादी-गोधडी, खाली फरशी, आणि त्या फरशीवर रांगणारं, हात तोंडात घालणारं मूल. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. ती माणसं उघड्या रानात होती. तेच द्रव्य आठ बाय दहाच्या खोलीत मारायला देताना आपण काय करतो आहोत, याचा विचार व्हायला नको का?

वाळवीचं उदाहरण घ्या. आपल्या भागातल्या माळवदाच्या घरांना लाकडी तुळया, त्यामुळे वाळवी पाचवीला पुजलेली. तिच्यासाठी क्लोरपायरीफॉस सर्रास दिलं जातं. अमेरिकेत या द्रव्याचे जवळजवळ सगळे घरगुती वापर थांबवायचं २००० सालीच ठरलं, कारण प्रश्न मुलांच्या वाढत्या मेंदूचा होता. २०२५ साली स्टॉकहोम करारात, म्हणजे जगाने मिळून हटवायच्या टिकाऊ विषांच्या यादीत, काही सवलती ठेवून का होईना, पण त्याचं नाव आलं. वाळवीला आधी ओल बंद करावी लागते, भिंतीवरचे मातीचे बोगदे मोडावे लागतात, लाकूड जमिनीपासून उचलावं लागतं. एवढं करूनही भागलं नाही तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं. बाटली देऊन "तुळईवर ओता" म्हणणं हा उपाय नव्हे.

परसबागेचंही तसंच आहे. शेतमालाच्या औषधावर प्रतीक्षा काळ लिहिलेला असतो, म्हणजे फवारणीनंतर इतके दिवस तोडणी करू नये. आमच्या दारचा कढीपत्ता रोज सकाळी फोडणीत पडतो. तुळशीचं पान रोज काढ्यात पडतं, शेवग्याची शेंग हाताला लागेल तेव्हा उतरते. इथे प्रतीक्षा कोण करणार? शिवाय तुम्ही देता त्या बाटलीच्या लेबलवर तुळस नसते, जास्वंदही नसते. लेबल क्लेम नसलेल्या पिकावर औषध मारू नये, हे तुम्ही शेतकऱ्याला सांगता. मग तेच आम्हाला का सांगत नाही? आणि हिशेबही बघा. कुंड्यांना लागतं अर्धा लिटर पाणी. लिटरला २ मिलीचा डोस धरला तरी खरं काम १ मिलीचं. बाटली २५० मिलीची. उरलेले २४९ मिली घरात कुठे राहतात? माळ्यावर, संडासाच्या खिडकीत, नाहीतर तेलाच्या बरणीशेजारी.

दुसरा मुद्दा बंदीच्या मालाचा. ढेकूण-झुरळांसाठी डायक्लोरव्हॉस वर्षानुवर्षं घराघरांत गेलं. कुंडीतल्या हुमणीला, कधी साप येऊ नये म्हणून अंगणात, फोरेटचे दाणे टाकले गेले. लोक त्याला थिमेट म्हणतात. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये काढलेल्या आदेशाने ही दोन्ही द्रव्यं ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. एंडोसल्फान तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच थांबवलं. तरीही गिऱ्हाईक जुन्या नावाने मागत राहतं, कारण "ते मिळत नाही" एवढंच त्याच्या कानावर जातं. "त्याच्यावर बंदी आहे, आणि बंदी या कारणाने आहे" हे कुणी सांगत नाही. जुन्या स्टॉकातला डबा मागच्या खोलीत असेल तर तो बाहेर काढू नका, आणि घरात जुना डबा पडला असेल तर तो उघडू नका, हेही आम्हाला बजावून सांगा.

तणनाशकही यातच येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ते बहुधा कर्करोगकारक ठरवलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला ते मान्य नाही. शास्त्रज्ञांचा वाद शास्त्रज्ञ मिटवतील. अंगणातलं हराळी-गवत खुरप्याने निघतं, आणि खुरपं तुमच्याच दुकानात मिळतं.

तिसरा मुद्दा सुट्या विक्रीचा. "पाच रुपयांचं द्या" म्हटलं की मोठ्या डब्यातून पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून मिळतं. मूळ पॅकिंग फोडून, लेबलाविना कीटकनाशक विकणं कायद्यात बसत नाही. पण कायदा बाजूला ठेवू. त्या बाटलीवर आता नाव नाही, त्रिकोण नाही, उतारा नाही. घरातल्या कुणी चुकून प्यालं तर दवाखान्यातला डॉक्टर विचारणार, "काय प्यालंय?" ऑर्गनोफॉस्फेट असेल तर अॅट्रोपिन देता येतं, पण दुसऱ्या गटातलं असेल तर उपचार वेगळा. त्या वेळी नातेवाईक काय सांगणार, "पांढरं होतं, मालकाने दिलं होतं"?

रिकाम्या डब्यांचंही हेच. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या मध्यान्ह भोजनाने २३ मुलांचे प्राण गेले. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस मिसळलं गेलं होतं, आणि ते तेल त्याच औषधाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेलं होतं. हेच मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरू नये, असा आदेश आपल्याकडे २००५ पासून होता. रिकामं पॅक पुन्हा वापरात येणार नाही अशा रीतीने फोडून, वस्तीपासून दूर पुरावं, असं १९७१ च्या कीटकनाशक नियमांत स्पष्ट आहे. आमच्याकडे मात्र ते डबे धुऊन रॉकेलला, डिझेलला, कधी पाण्याला वापरतात. रिकामे डबे परत घेण्यासाठी दुकानाबाहेर एक कुलूपबंद पेटी ठेवता येणार नाही का? पाहिजे तर डब्यामागे दोन रुपये परत द्या. ते आम्ही किमतीत आनंदाने भरू.

चौथा मुद्दा धान्यातल्या गोळीचा. यावर जरा थांबते, कारण आपल्या तालुक्यात घरोघरी वर्षाची ज्वारी भरतात. ज्वारीला सोंडे लागू नयेत, तुरीला भुंगे लागू नयेत म्हणून डब्यात टाकायची गोळी मागितली की अॅल्युमिनियम फॉस्फाइड हातात पडतं. हवेतला दमटपणा लागताच त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम वायू निघतो. त्याला उतारा नाही. म्हणूनच ही गोळी घरगुती वापरासाठी नाही. ती सरकारी यंत्रणांनी आणि परवानाधारक धुरीकरणवाल्यांनी, जाणकारांच्या देखरेखीखाली वापरायची असते. आणि आमच्या घरी धान्याची कोठी असते झोपायच्याच खोलीत.

याच सोलापूर जिल्ह्यात, गोळीचं नाव नव्हतं तेव्हा, ज्वारी पेवात वर्षानुवर्षं टिकत होती. खोदलेल्या खड्ड्याला कडब्याचं अस्तर लावून धान्य भरायचं आणि तोंड बंद करायचं. आतलं धान्य आणि किडे मिळून प्राणवायू संपवत, कार्बन डायऑक्साइड साठत जाई आणि किडे मरत. म्हणूनच पेव उघडल्या उघडल्या आत उतरू नये, हे जुन्या माणसांना पक्कं माहीत होतं. तेच तत्त्व आज हवाबंद पिशवीत आणि घट्ट झाकणाच्या पिंपात वापरता येतं. धान्य वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळवायचं, पिशवी तोंडापर्यंत भरायची, मध्ये हवा राहू द्यायची नाही. तूर डाळीला एरंडेलाचा हात लावायचा. या हवाबंद पिशव्या तुम्ही का ठेवत नाही? गोळीपेक्षा त्यात नफा जास्त सुटेल. आणि जाता जाता एक. धान्याला बोरिक पावडर लावायचा सल्ला किराणा दुकानातून मिळतो, तो बंद करा. बोरिक पावडरची जागा जेवणात नाही, झुरळांच्या गोळीत आहे. कणीक, साखर आणि बोरिक मळून त्याच्या गोळ्या मुलांचा हात पोचणार नाही अशा फटीत ठेवल्या की झुरळं हटतात, आणि फवाऱ्याची गरज उरत नाही.

पाचवा मुद्दा अॅसिडचा, आणि तो किराणावाल्यांना आणि हातगाडीवाल्यांना उद्देशून. आपलं बोअरचं पाणी जड, त्यामुळे नळावर, फरशीवर पांढरे डाग बसतात आणि सणावाराला अॅसिडच्या बाटल्या खपतात. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अॅसिड विकताना घेणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कारण वहीत लिहायचं, ओळखपत्र बघायचं, अठरा वर्षांखालच्यांना द्यायचं नाही. ती वही अक्कलकोटात किती दुकानांत आहे, ते तुम्हीच सांगा. अॅसिडने घासलेल्या संडासात कुणी स्वच्छतेच्या उत्साहात ब्लीचिंग पावडर टाकली, की क्लोरीन वायू तयार होतो. १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला होता तोच. बंद मोरीत तो कुणाला परवडणार आहे? "ही दोन एकत्र करू नका" हे पाच शब्द बाटली देताना बोलायला काहीच खर्च येत नाही.

त्यातही आपल्याकडच्या घरांत शहाबादी फरशी. शहाबाद आपल्याच रेल्वेमार्गावर, दोन-अडीच तासांवर. तो दगड चुनखडीचा आहे. अॅसिड पडलं की तो फसफसतो, म्हणजे डाग निघत नाही, दगडच झिजतो. पृष्ठभाग खरबरीत होतो, मग मळ आणखी धरतो, आणि पुढच्या वेळी बाई आणखी कडक बाटली मागते. या फरशीला धुण्याचा सोडा, रिठ्याचं पाणी आणि नारळाच्या काथ्याचा घासा पुरे. लिंबूसुद्धा तिच्यावर घासू नये, तेही आम्लच. लिंबूसत्त्वाचं पाणी नळाच्या तोटीवर आणि बादलीच्या पांढऱ्या थरावर मात्र उत्तम चालतं. दोन पुड्या, दोन उपयोग, अॅसिडची बाटली वजा.

सहावा मुद्दा थोडक्यात. मच्छरांच्या अगरबत्त्या विकता, त्यातल्या कितीतरी पुड्यांवर कीटकनाशकाचा नोंदणी क्रमांकच नसतो. क्रमांक नसलेली पुडी ठेवू नका. कॉइलबद्दल २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या होत्या. एक कॉइल जळून जेवढे सूक्ष्म कण निघतात तेवढे निघायला ७५ ते १३७ सिगारेटी लागतात, असं त्यात दिसलं. खिडकी लावून कॉइल पेटवायची नाही, हे सांगत चला, आणि मच्छरदाणी समोर टांगा. पाणी साठवणं आम्हाला भागच आहे, तेव्हा आठवड्यातून एकदा पिंप कोरडं करून घासणं हा डेंगीच्या डासावरचा सर्वांत स्वस्त उपाय. झुरळांचा खडू शाळेच्या खडूशेजारी मांडू नका, त्यात कीटकनाशकच असतं. डांबर गोळ्या घालून ठेवलेले कपडे तान्ह्याला तसेच घालू नयेत. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं द्रव्य कमी असतं, आणि नॅफ्थलीनने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. ट्रंकेत कडुलिंबाचा वाळला पाला घालायची आपली पद्धत काही वाईट नव्हती.

सातवा मुद्दा भाषेचा. पॅकमधलं माहितीपत्रक भिंगाशिवाय वाचता येत नाही. शिवाय आपल्या तालुक्यात कितीतरी घरांत कन्नड बोलतात. तुम्ही स्वतः गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये भाव करता. मग धोक्याची सूचनाही कन्नडमध्ये देता येईल. दुकानात मराठी आणि कन्नडमध्ये एक मोठा फलक लावा. लाल त्रिकोण अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी, निळा मध्यम, हिरवा कमी विषारी. लाल म्हणजे शरीराच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतची मात्राच प्रयोगातल्या निम्म्या प्राण्यांना मारते, आणि हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. खाली १०८ नंबर, आणि "दवाखान्यात जाताना डबा सोबत न्या" ही एक ओळ.

आता देऊ नका म्हणता म्हणता, काय द्या तेही सांगायला हवं. दुकानात एक फळी घरासाठी वेगळी ठेवा. तिच्यावर निंबोळीचा भरडा असू दे. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम, रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारला की मावा-तुडतुड्यांना पुरतो. संध्याकाळी अशासाठी, की उन्हाने त्याचा अंश मरतो. पिठ्या ढेकणाला साबणाचं पाणी. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे. लहान हातपंप आणि मोजमापाची खूण असलेलं प्लॅस्टिकचं झाकण. फक्त एक पथ्य पाळा. "जैविक" असं लिहिलेली, घटकांची नावं नसलेली बाटली या फळीवर ठेवू नका. तंबाखूचा अर्कही झाडपाल्याचाच असतो, आणि तो भयंकर विषारी आहे. झाडाचं म्हणून बिनधोक, असं समजायचं कारण नाही.

ढेकणांनाही बाटलीची गरज नाही. फवाऱ्यांना ते बव्हंशी सरावले आहेत, पण ५० अंशांपुढची उष्णता त्यांना सोसत नाही. खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी, पांघरुणं काळ्या प्लॅस्टिकात बांधून सोलापूरच्या उन्हात. स्वामींच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांसाठी लॉज आणि भक्तनिवासं चालवणारे तुमची मोठी गिऱ्हाइकं आहेत. त्यांना बाटल्यांची पेटी देण्याऐवजी परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर द्या, आणि फवारलेली खोली त्याच रात्री भाड्याने द्यायची नाही, हे ठणकावून सांगा. मुक्कामाला आलेल्या परगावच्या माणसाला गादीवर काय मारलंय ते कळायला मार्ग नाही.

माझ्या मागण्या म्हणून इतक्याच आहेत. कीटकनाशकाच्या प्रत्येक विक्रीचं बिल द्या, नियमाप्रमाणे ते द्यायचंच आहे. सुटं विकू नका. "घरासाठी की शेतासाठी?" हा एक प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारा. घरासाठी म्हटलं तर घराच्या फळीकडे वळा, आणि तिथे उपाय नसेल तर सरळ "नाही" म्हणा. मृग लागायच्या आत, खरिपाचा माल भरताना, तुमच्या संघटनेच्या एका बैठकीत हे ठरवता येईल. कुणाचा धंदा बुडणार नाही, कारण तूर आहे, ऊस आहे, कांदा आहे, शेतीचा माल शेताला लागणारच आहे.

आमच्या बाजूनेही शब्द देते. आम्ही बिल मागू, रिकामा डबा परत आणू, आणि "कडक द्या" म्हणणं सोडू. बायकांचे बचत गट या गावात बरेच आहेत आणि कोणत्या दुकानात काय मिळतं, याची चर्चा आमच्यात रोज होते. जो मालक आलेलं गिऱ्हाईक "हे घरात वापरायचं नाही" म्हणून परत पाठवील, त्याचं नाव आम्ही मोठ्याने घेऊ, आणि महिन्याचा किराणाही त्याच्याकडेच भरू. जो पाण्याच्या बाटलीत विष ओतून देईल, त्याच्याबद्दल मात्र पुढचं पत्र खुलं नसेल. ते तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या नावे, बिलाच्या प्रतीसह असेल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
रोजच्या गिऱ्हाइकांपैकी एक,
अक्कलकोट